छोट्या कीबोर्डला धातूची केस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"केस बदलतोय," असं मी घरात पहिल्यांदा म्हणालो तेव्हा आईने आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि मग काळजीने विचारलं, "कोर्टातली?" तर ही तिसरी केस. कीबोर्डचं बाहेरचं खोकं. मी गिरगावात राहतो, सबटायटल लिहितो, दिवसाचे आठ-नऊ तास मराठी आणि इंग्रजी बडवत असतो. प्लॅस्टिकच्या छोट्या कीबोर्डला ॲल्युमिनियमची केस बसवली तेव्हापासून मित्र आणि मित्रांचे मित्र तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

छोटा म्हणजे नेमका कोणता कीबोर्ड?

ज्याला साठ टक्के म्हणतात तो. बटणं ६१. वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्हची ओळ नाही, बाण नाहीत, उजवीकडचे आकडे नाहीत. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत अंतर मात्र मोठ्या कीबोर्डइतकंच, १९.०५ मिमी, म्हणजे पाऊण इंच. त्यामुळे हात आखडत नाही. रुंदीत सामान्य बटणाच्या १५ पट आणि खोलीत ५ ओळी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड साधारण २८५ बाय ९५ मिमी भरतो.

केस बदलायला हाच आकार सोपा. पोकर नावाच्या जुन्या कीबोर्डच्या स्क्रूंच्या भोकांची जागा पुढे बऱ्याच जणांनी उचलली आणि तोच रिवाज पडला. त्याहून थोड्या मोठ्या, ६५ आणि ७५ टक्क्यांच्या कीबोर्डांत असा रिवाज नाही. तिथे ज्याची केस त्यालाच.

माझ्या कीबोर्डला बाजारातली केस बसेल का?

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जाहिरातीत "सर्व साठ टक्के कीबोर्डना चालेल" असं लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. जीके-६१ सारखे बोर्ड किंवा जीएच-६० च्या घराण्यातले बोर्ड बहुतेक वेळा बसतात. पण दुकानात मिळणारे कित्येक कीबोर्ड ६१ बटणांचे असूनही भोकं आपल्या मर्जीने पाडलेले असतात. कुणाची यूएसबीची खाच मागे डावीकडे, कुणाची मधोमध, कुणाची चक्क बाजूला. वायरलेस कीबोर्डला चालू-बंद करायचं बारीक बटण तळाला किंवा मागे असतं. धातूच्या केसला त्यासाठी भोकच नसतं आणि मग तो कीबोर्ड कायमचा चालू राहतो किंवा कायमचा बंद.

उपाय जुनाच आहे. कीबोर्ड उघडा, बोर्ड कोऱ्या कागदावर ठेवा, पेन्सिलने कडा गिरवा, प्रत्येक भोकातून टोक टेकवून खूण करा. डाव्या कडेपासून यूएसबीच्या खाचेच्या मध्यापर्यंतचं अंतर लिहा. मग विकणाऱ्याकडून केसचं मापांसकट रेखाचित्र मागा आणि ताडून बघा. रेखाचित्र देत नसेल तर तिथून घेऊ नका.

दुसरं माप खोलीचं. बोर्डाच्या पाठीवर स्विचचे, म्हणजे प्रत्येक बटणाखालच्या खटक्याचे, सॉकेट, चिप, कधी बॅटरी असते. केसचा तळ त्याला लागायला नको. यासाठी मी कणीक वापरतो. सुपारीएवढे चार-पाच गोळे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळायचे, केसमध्ये वेगवेगळ्या जागी ठेवायचे, वरून बोर्ड बसवून हलका दाबायचा आणि काढायचा. गोळा चेपून जितका जाड उरला तितकी तिथली फट. फोम किती जाडीचा घालायचा तेही त्यातच कळतं. उरलेल्या कणकेची पोळी करू नका, एवढंच.

माझ्या पहिल्या केसची खाच चार मिमी बाजूला निघाली. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "होतं बरोबर, दाबून बसवा." ॲल्युमिनियम दाबून बसत नाही. एक अख्खी संध्याकाळ गॅलरीत बसून कानशीने घासत होतो.

धातूची केस घातली की आवाज चांगला होतो ना?

नाही. आवाज वेगळा होतो.

प्लॅस्टिकची पोकळ केस सगळ्याच आवाजांवर एक भरड थर चढवते. जड, ताठ केसमध्ये तो थर जातो आणि आत जे आहे ते स्पष्ट ऐकू येतं. आत नीट वंगण दिलेले स्विच असतील तर ठोस, कोरडा थप्प असा आवाज मिळतो. आत खुळखुळणारा स्पेसबार असेल तर तोही दुप्पट खुळखुळतो. चार हजारांची केस घालून "आधीपेक्षा वाईट वाटतंय" म्हणणारे तिघं मला भेटले आहेत. तिघांच्याही केसमध्ये काही खोट नव्हती. म्हणून माझा क्रम असा: आधी स्टॅबिलायझर, मग स्विच, मग केस. पहिल्या दोन गोष्टींनंतर केसची हौस फिटली असेल तर पैसे वाचले.

स्टॅबिलायझर म्हणजे काय, आणि त्याला काय लावायचं?

स्पेसबार, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस ही लांब बटणं तिरकी होऊ नयेत म्हणून खाली एक वाकवलेली तार आणि दोन प्लॅस्टिकचे ठोकळे असतात. तार ठोकळ्यात सैल असते, तोच खडखडाट. तारेची दोन्ही टोकं घट्ट वंगणात बुडवायची. क्रायटॉक्स २०५जी० हे नाव ऐकलं असेल, स्विचलाही तेच चालतं. तारेसाठी डायइलेक्ट्रिक ग्रीसही उत्तम आणि स्वस्त. तार सपाट आरशावर ठेवून बघा, एक टोक उचललेलं दिसलं तर पक्कडीने हळूच सरळ करा. अर्धा आवाज तिथेच जातो.

शिलाई मशीनचं तेल लावू नका. पातळ असतं, आठवड्यात ओघळून स्विचमध्ये जातं. खोबरेल तेलाबद्दलही विचारणा झाली आहे. तेही नको.

टिकटिक करणारे निळे स्विच असतील तर त्यांना वंगण देऊ नका, टिकटिकच मरते.

बटण दाबल्यावर मागाहून टणण असा नाद राहतो. तो कसा घालवायचा?

तो केसचा असू शकतो किंवा स्विचमधल्या स्प्रिंगचा. एक स्विच काढून कानाजवळ दाबून बघा. नाद तिथेच ऐकू आला तर स्प्रिंगना वंगण हवं, केसचा दोष नाही.

नाद केसचाच असेल तर दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, तळ आणि बोर्ड यांच्यातली पोकळी भरायची. शाळेच्या प्रकल्पांना वापरतात ती ईव्हीए फोमची शीट पुरते, तळाच्या आकारात कापून ठेवायची. ठासून भरू नका. बोर्ड वर उचलला जाऊन वाकतो आणि मधली बटणं दगडासारखी लागतात. दुसरी युक्ती म्हणजे बोर्डाच्या पाठीवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर. रंगारी वापरतात तीच टेप. हार्डवेअरवाल्याकडे मिळते, फरक लगेच कळतो. सॉकेटवर टेप गेली तरी चालते, पण चिप तापणारी असेल तर तेवढी जागा मोकळी सोडा.

पोकरच्या रिवाजाच्या या केसमध्ये बोर्ड थेट पाच-सहा धातूच्या खांबांवर स्क्रूने आवळलेला असतो. खांबाच्या वरची बटणं कडक आणि इतर मऊ लागतात. तक्रार करणारे पुष्कळ, पण हा या बांधणीचा स्वभावच आहे. खांब आणि बोर्ड यांच्यामध्ये बारीक रबरी ओ-रिंग, आणि स्क्रूच्या डोक्याखाली आणखी एक, असं सँडविच केलं तर फरक बराच कमी होतो. मात्र रिंगच्या जाडीइतका बोर्ड वर येतो, यूएसबीची खाच पुन्हा तपासा.

केस खरंच ॲल्युमिनियमची आहे हे कसं ओळखायचं?

चुंबक चिकटला तर लोखंड. चिकटला नाही तर काहीच सिद्ध झालं नाही, कारण जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही तो चिकटत नाही. वजन करा. ॲल्युमिनियमची घनता २.७, जस्ताची सात. चांगल्या केस ६०६३ या जातीच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, कोरलेल्या असतात. ही काही अवकाशयानाची धातू नव्हे. आपल्या सरकत्या खिडक्यांच्या पट्ट्या याच जातीच्या असतात. माझा कीबोर्ड केस, स्विच, बटणं सगळं धरून वाण्याच्या काट्यावर १ किलो १०० ग्रॅम भरला. वाण्याने विचारलं, "काय भाव?"

मुंबईत यातलं काय कुठे मिळतं?

केस स्वतः बहुतेक ऑनलाइनच घ्यावी लागते. परदेशातून मागवली तर पाठवणावळ वजनावर लागते, वर सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरवाल्याची हाताळणी फी. ओळखपत्राची प्रतही मागतात. एकूण आकडा आधी मांडा, मग मोह आवरणं सोपं जातं.

बाकी सामानासाठी शहर सोडायला नको. लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. सोल्डरिंगचं सामान, डायइलेक्ट्रिक ग्रीस, मल्टिमीटर, यूएसबीच्या तारा तिथे. रंगीत कीबोर्ड विकणारी दुकानंही आहेत, पण "टॅप्ड एम-टू स्टँडऑफ" (दोन मिमीच्या स्क्रूसाठी आटे पाडलेला खांब) मागितलात तर पोरगा आत जाऊन शेठला बोलावतो आणि शेठ तुम्हाला दुसऱ्या गल्लीत पाठवतो. स्क्रू, ओ-रिंग, टॅप (आटे पाडायचं हत्यार) यांसाठी नागदेवी स्ट्रीट. तिथे नमुना दाखवायचा, नाव सांगायचं नाही. मी एम-टूचा एक स्क्रू प्लॅस्टिकच्या पुडीत नेतो, काउंटरवर ठेवतो, समोरचा माणूस नखाने आटे चाचपतो आणि ड्रॉवर उघडतो. सहा स्क्रू मात्र देत नाही, पाकीट घ्यावं लागतं. माझ्याकडे आता नातवंडांना पुरतील इतके आहेत. फोम शीट क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला.

इथेच केस बनवून घेतली तर?

वसईला किंवा मरोळला सीएनसीवाले आहेत, करूनही देतात. पण एका नगाला परवडत नाही. खर्च धातूचा नसतो, यंत्र लावण्याचा आणि प्रोग्रामचा असतो, तो एका नगाला तितकाच आणि पन्नासला तितकाच. थ्रीडी फाइल तुमच्याकडे तयार हवी. पाच-सहा जण मिळून करत असाल तर विचारा. ॲनोडायझिंगला, म्हणजे विजेने वर टणक रंगीत थर चढवायला, देताना धातूची जात सांगा. ओतीव ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन जास्त असतं, त्यावर रंग करडा आणि डागाळलेला येतो. पावडर कोटिंग करणार असाल तर आटे झाकायला सांगा, नाहीतर रंग आत बसतो आणि स्क्रू जात नाही.

कीबोर्ड उघडायचा कसा?

बटणं पुलरने (बटणं उपटायच्या चिमट्याने) काढा, आधी फोटो घ्या. स्विच ज्यात बसवलेले असतात त्या पट्टीवर, स्विचांच्या मधे, स्क्रू दिसतील. सगळे काढूनही बोर्ड हलत नसेल तर एखादा स्क्रू स्टिकरखाली किंवा स्पेसबारच्या खाली राहिलेला असतो. ओढू नका. बॅटरीची तार असेल तर प्लग नखांनी धरून काढा, तारेला धरून नाही.

स्क्रू किती आवळायचे?

टेकेपर्यंत, आणि वर पाव फेरा. मी अर्धा दिला. दुसऱ्याच रात्री कोपऱ्यातला खांब "कच्च" असं म्हणाला आणि स्क्रू गरगर फिरायला लागला. ॲल्युमिनियम मऊ, स्क्रू पोलादी, आटे कोण गमावणार हे ठरलेलं. नागदेवीला एका म्हाताऱ्या कारागिराने भोक थोडं मोठं करून एम-अडीचचा टॅप मारून दिला. दहा मिनिटांचं काम. पैसे घेताना म्हणाला, "हात हलका ठेवा, ही काय रेल्वेची पटरी आहे?" तेव्हापासून मी स्क्रूड्रायव्हर तीन बोटांनी धरतो. मूठ वळली की जोर जास्त होतोच.

केसमध्ये बसवल्यावर एक ओळ आपोआप टाइप होते. बोर्ड बिघडला का?

बहुधा नाही. स्क्रू सोडून बोर्ड बाहेर काढा आणि टेबलावर जोडून बघा. बाहेर नीट चालला तर आत कुठेतरी सोल्डरचं टोक धातूला टेकतंय. ॲनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, पण तो डोक्यावरच्या केसाएवढाही जाड नसतो. टोक घासलं की जातो, आणि आट्यांमध्ये तर बऱ्याचदा नसतोच. तळाला फोमची किंवा जाड प्लॅस्टिकची शीट घातली की प्रश्न मिटतो. मी ती नाद असो-नसो घालतोच.

केसला हात लावला की झिणझिण्या येतात. घाबरायचं का?

लॅपटॉप दोन पिनांच्या चार्जरवर आहे का ते आधी बघा. अशा चार्जरमधल्या एका कपॅसिटरमधून अगदी क्षीण प्रवाह लॅपटॉपच्या ग्राउंडवर येतो. अर्थिंग नसल्याने त्याला जायला वाट नसते. तोच यूएसबी तारेच्या वेष्टणातून बोर्डावर, तिथून स्क्रूवाटे केसवर येतो. रंगीत भागावर जाणवत नाही, खरचटलेल्या कडेवर किंवा उघड्या स्क्रूवर जाणवतो. चार्जरची वीज काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. झिणझिण्या थांबल्या तर खात्री झाली.

तीन पिनांची तार घेतली की बहुतेकांचं काम होतं. आमच्याकडे नाही झालं. चाळीतलं वायरिंग आजोबांच्या काळचं, तिसऱ्या भोकात तारच नव्हती. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग घेतली. झिणझिण्यांऐवजी खरा झटका बसत असेल तर मात्र ताबडतोब प्लग काढा, तो कीबोर्डचा विषय नाही.

ब्लूटूथ चालेल का?

चालेल, पण पल्ला घटेल. पाच बाजूंनी धातू आणि वरून बऱ्याचदा धातूचीच पट्टी, लहर बाहेर पडणार कुठून? टेबलावरच्या टेबलावर बहुधा जमतं, पलंगावरून टीव्हीला जोडायचं असेल तर विसरा. लिथियमची बॅटरी फोमखाली चेपू देऊ नका आणि लांब स्क्रूचं टोक तिच्याकडे येत नाही ना ते बघा. फुगलेली बॅटरी दिसली तर जोडणी तिथेच थांबवा. मी बॅटरी काढूनच टाकली, तार लावतो.

इतक्या कमी बटणांवर मराठी टाइप होतं?

होतं, आणि काहीही न गमावता. १९८६ साली ठरलेल्या इनस्क्रिप्ट या सरकारी मांडणीत मराठीला लागणारी अक्षरांची सगळी बटणं यावर आहेत. एकच बटण दिसत नाही, आकडा एकच्या डावीकडचं, कारण तिथे एस्केप येऊन बसतं. मूळ आराखड्यात त्यावर ऱ्हस्व ओ आहे, तो मराठीला लागत नाही. आपल्याला हवा असतो 'ऑफिस'मधला ऑ, तो एंटरच्या वरच्या बटणावर शाबूत आहे.

अडचण बाणांची. क्यूएमके किंवा व्हाया (बटणांची कामं बदलू देणारी सॉफ्टवेअर) चालणारा बोर्ड असेल तर एकाच बटणाला दोन कामं देता येतात: टिचकी मारली तर वरचा बाण, दाबून धरलं तर उजवी शिफ्ट. इंग्रजीत हे झकास चालतं. मराठीत मी फसलो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट पदोपदी लागते. क्यूएमके २०० मिलिसेकंदांच्या आत सोडलेल्या बटणाला टिचकी समजतो, आणि माझी शिफ्ट त्याच्या आत सुटायची. 'पण' लिहायला जावं तर 'प' जागेवर, कर्सर टुणकन वरच्या ओळीत, आणि तिथे नको असलेला 'म'. एका मालिकेच्या सबटायटलमध्ये असे अकरा 'म' सापडले. तेव्हापासून बाण एफएन बटण धरून वापरतो, शिफ्टला दुसरं काम देत नाही.

देवनागरी छापलेली बटणं क्वचितच मिळतात. स्टिकर लावू नका, मे महिन्याच्या घामात महिनाभरही टिकत नाहीत.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

ॲनोडाइझ केलेली केस लोखंडासारखी गंजत नाही. आतली पोलादी पट्टी आणि स्वस्त स्क्रू गंजतात. स्टेनलेसचे स्क्रू घ्या. समुद्राजवळ राहत असाल तर स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसेल, ती ॲल्युमिनियमची. कोरड्या ब्रशने झटका. एसीच्या खोलीतून कीबोर्ड दमट बाहेरच्या खोलीत आणला की थंड धातूवर दव धरतं, दहा मिनिटं थांबून मग तार जोडा.

रोज ऑफिसला नेता येईल?

किलोभर वजन सकाळच्या विरार लोकलमध्ये पोटावर धरून बघा आणि ठरवा. मेट्रोच्या स्कॅनरमध्ये तो काळा ठोकळा दिसतो, माझी बॅग दोनदा उघडायला लावली आहे. पातळ कापडी पिशवीत न्या, नाहीतर केसवर चावीचे ओरखडे येतात. ॲनोडायझिंगवरचा ओरखडा रंगवून झाकला जात नाही.

रात्री शेजारी तक्रार करतील?

करतील, पण केसमुळे नाही, टेबलामुळे. पोकळ लाकडी टेबल म्हणजे डफ. खाली तीन-चार मिमीचा फेल्टचा तुकडा टाका, त्याने जेवढा फरक पडतो तेवढा आतल्या कुठल्याच फोमने पडत नाही. आमच्या भिंतीपलीकडचे काका म्हणाले, "पूर्वी टायपिंगच्या क्लासखाली राहायचो, तशी झोप लागते आता." ही तक्रार की कौतुक, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी फेल्ट आणला.

जुनी प्लॅस्टिकची केस टाकून देऊ का?

नको. बोर्ड बिघडला तर वॉरंटीला मूळ केसमध्येच द्यावा लागतो, विकतानाही लागते. तिचे स्क्रू वेगळ्या मापाचे असतात, पुडीत घालून तिच्यावरच चिकटवा. माझी माळ्यावर आहे, आकाशकंदिलाच्या खोक्यात.